नाण्यावरचा उजेड

मराठी माणसाने नाण्याची परीक्षा डोळ्यापेक्षा कानाने आणि हाताने अधिक केली, असे आपली भाषाच सांगते. चांगले नाणे खणखणीत असते, हलके नाणे बद्द वाजते. सचोटीच्या माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो. पेढीवर बसलेला सराफ रुपया नखावर उडवून त्याचा नाद ऐके, तळहातावर तोलून वजनाचा अदमास घेई, आणि तरीही मनात शंका उरली तर लहानशा पोलादी ठशाने त्यावर टोला देऊन आतली चांदी पाही. असे टोले अंगावर वागवणारे रुपये आजही जुन्या घरांतून निघतात. या साऱ्या व्यवहारात उजेडाला काम थोडेच होते. समईच्या प्रकाशातही नाद तोच येतो.

आज ही स्थिती पालटली आहे. संग्राहक जे नाणे विकत घेतो, ते व्यवहार ठरेपर्यंत पुष्कळदा त्याच्या हाती आलेलेच नसते. तो मुंबईत असतो, नाणे साताऱ्यात असते, आणि दोहोंच्या मध्ये असते एक छायाचित्र. कान नाही, हात नाही, वजन नाही. उरतो तो डोळा, आणि तोही उसना. असा उसना डोळा पुरवणाऱ्यांपैकी मी एक आहे.

साताऱ्यात माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, शाळेच्या ओळखपत्राचे फोटो, क्वचित वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीसाठी जुन्या चित्रावरून नवे करून देणे, असा हा व्यवसाय. फिल्मच्या काळात आमच्या कामाचा मोठा भाग पेन्सिलीने होई. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून काढायच्या, म्हणजे छापील चित्रात त्या नाहीशा होत. पेन्सिल चालवण्याची वेळच येऊ नये म्हणून दिव्यापुढे पांढरे कापड ताणायचे. उजेड मऊ झाला की वय दहा वर्षांनी उतरते. माणसाचे चित्र काढणाराने थोडे दाक्षिण्य दाखवावे, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते आणि ती गैर आहे असे मला वाटत नाही. मुलीचे स्थळ पाहण्यासाठी जाणाऱ्या फोटोत तिच्या गालावरचा पुटकुळीचा व्रण ठळक करून दाखवण्याचे काहीच कारण नसते.

गावातले दोन-तीन संग्राहक नाणी घेऊन माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा या सवयीच्या नेमके उलट काम समोर आले. इथे व्रण हाच मजकूर होता. चेहऱ्यावर जे झाकायचे ते नाण्यावर दाखवायचे होते. राणी व्हिक्टोरियाचे चित्र मी काढत होतो हे खरे, पण तिला सुंदर दिसण्याचा अधिकार नव्हता.

नाण्याची प्रत, म्हणजे संग्राहक ज्याला ग्रेड म्हणतात ती, हा प्रकार बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. प्रतींची नावे इंग्रजी आहेत आणि भाषेच्या अभ्यासकाने तर ती जरूर पाहावीत. ‘गुड’ म्हणजे चांगले, असा आपला समज. पण ‘गुड’ प्रतीचे नाणे म्हणजे ज्यावरचा चेहरा जेमतेम बाह्यरेषेपुरता शिल्लक आहे असे. त्याच्या वर ‘व्हेरी गुड’, मग ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि सर्वांत वर, कधीच व्यवहारात न फिरलेले, ‘अनसर्क्युलेटेड’. बाजाराने हीन वस्तूलाही सौम्य नाव दिले आणि मग वरच्या पायऱ्यांसाठी विशेषणे अपुरी पडू लागली. या अडचणीवर आकड्यांचा उपाय केला तो विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांवरील पुस्तकात त्याने १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. सत्तराचे नाणे एकाच्या सत्तरपट मोलाचे, असा त्याचा मूळ हिशेब होता. तो हिशेब बाजाराने फार काळ टिकू दिला नाही. आकडे मात्र राहिले, आणि आज जगभर साठ व त्यापुढचे अंक न फिरलेल्या नाण्यांसाठी वापरतात. या मोजपट्टीच्या जनकाविषयी पुढे जे उघडकीस आले तेही सांगण्यासारखे आहे. त्याच्या मृत्यूनंतर असे आढळले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्याने काढून घेऊन त्यांच्या जागी आपल्याजवळची हलक्या प्रतीची ठेवली होती. प्रत ओळखण्यात तो वाकबगार होता, यात शंका नाही.

प्रत ठरवताना मुख्यतः झीज पाहतात. नाण्यावर जे सर्वांत उंच, ते सर्वांत आधी झिजते. आपल्याकडच्या राणीछाप रुपयावर राणीच्या कानावरचे केस, मुकुटावरची रत्ने आणि वस्त्राच्या चुण्या आधी सपाट होतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीत एक लहानसा हत्ती आहे. तो स्पष्ट दिसतो की नुसता उंचवटा उरला आहे, यावर संग्राहकांची नजर आधी जाते. हा हत्ती मोठा नामांकित. १९११ सालच्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून इतका गहजब झाला की ते नाणे मागे घेणे सरकारला भाग पडले, आणि १९१२ पासून हत्तीला ठसठशीत सोंड मिळाली. तांदळाच्या दाण्याएवढ्या चित्रात लोकांनी काय पाहिले यावरून एका साम्राज्याला आपला ठसा बदलावा लागला. नाण्याकडे बारकाईने पाहणे हा केवळ रिकामपणाचा उद्योग नाही, असे मी जेव्हा म्हणतो, तेव्हा मला हा हत्ती आठवतो.

झीज तर चित्रात दिसते. अडचण येते ती तेजाची. टाकसाळीत ठसा प्रचंड दाबाने चकतीवर येतो, तेव्हा धातू क्षणभर प्रवाही झाल्यासारखा मध्यापासून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या पृष्ठावर किरणांसारख्या उमटून राहतात. दिव्याखाली नाणे हलके कलते करून फिरवले, तर या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे गरगर फिरताना दिसतो. संग्राहक याला लस्टर म्हणतात. मोत्याला जसे पाणी असते तसे हे नाण्याचे पाणी म्हणावे. नाणे हातोहात फिरले की हे पाणी आधी उंचवट्यांवरून उतरते, मग सपाट भागावरून. न फिरलेले नाणे आणि थोडेसे फिरलेले नाणे यांतला फरक रेखीवपणात नसून या पाण्यात असतो. आणि किमतीचे मोठे अंतर नेमके याच उंबरठ्यावर पडते. ठसा मुळातच कमजोर बसला असेल तर न फिरलेल्या नाण्यावरही राणीचे केस अस्पष्ट असतात. ते झिजलेले की न उमटलेले, हे त्या जागी पाणी आहे की नाही यावरूनच कळते.

आता हे पाणी छायाचित्रात कसे आणावे? ते तर हलण्यात आहे. प्रत ठरवणारी तज्ज्ञ मंडळी मंद खोलीत एकाच पिवळ्या बल्बखाली बसतात आणि नाणे बोटांच्या चिमटीत कडांनी धरून सतत फिरवत राहतात. ट्यूबलाइटचा उजेड ते टाळतात, कारण तो सगळीकडून येतो आणि बारीक ओरखडे गिळून टाकतो. अमेरिकेत १९८६ आणि १९८७ साली ज्या दोन मोठ्या संस्था निघाल्या, पीसीजीएस आणि एनजीसी, त्या याच रीतीने नाणी पाहून, अंक देऊन ती पारदर्शक पेटीत कायमची बंद करतात. त्या फिरवण्यातला एकच क्षण मी पकडतो. ग्रेड देणाऱ्याने पाहिलेली गोष्ट म्हणजे कीर्तन असेल, तर माझे चित्र म्हणजे त्यातल्या एका ओळीचा एकच स्वर.

आणि तो एक स्वर कोणता घ्यावा हे सर्वस्वी माझ्या हाती असते. चष्मा लावलेल्या माणसाचा फोटो काढणाऱ्याला हे लवकर समजेल. काचेवर दिव्याची तिरीप आली तर डोळा दिसत नाही. मान बोटभर खाली केली की तिरीप नाहीशी होते. नाण्याचा सपाट भाग हा असाच आरसा आहे. दिवा ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. तो कोन कॅमेऱ्याकडे असेल तर पृष्ठ पांढरेफेक, नसेल तर छताचा अंधार त्यात उतरून काळेकुट्ट. एकच रुपया मी पाच मिनिटांत काळा, करडा, पांढरा आणि सोनेरी असा चार रंगांत दाखवू शकतो, आणि चारही चित्रांत खोटे काही नसते.

दिवा अगदी आडवा, नाण्याच्या पातळीलगत ठेवला तर प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते. झिजलेली अक्षरे जणू जमिनीतून वर येतात. तांब्याच्या शिवराईसाठी याहून उत्तम उजेड नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे कितीतरी शिवरायांवर बोटाला लागतात पण समोरच्या उजेडात दिसत नाहीत. आडव्या उजेडात ती बोलू लागतात. मात्र शिवराईवर अर्धे अक्षर कडेबाहेर गेलेले असेल तर तो झिजेचा दोष नव्हे. ठसा चकतीहून मोठा असे आणि घण हातानेच मारायचा, तेव्हा जेवढे चकतीवर बसले तेवढे उमटले. या आडव्या उजेडाचे सर्वांत थोर उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभीचे. तिथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. समोरून पाहिले तर विजेत्याची चिन्हे दिसतात. दिवा खाली आणला की त्यांच्याखालून नहपानाच्या नाकाची रेष वर येते. असल्या नाण्याला प्रतीचा अंक द्यायचा झाला तर कोणाची झीज मोजणार? पराभूत राजाची की जिंकणाऱ्याची?

पण हाच आडवा उजेड चांगल्या नाण्यावर अन्याय करतो. पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेला क्षुल्लक चरा त्यात नांगराच्या तासाएवढा दिसतो. उलट पांढऱ्या कापडातून गाळलेला मऊ उजेड सगळे दोष पोटात घालतो. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर पंचेचाळीस अंशांत काच धरून उजेड थेट वरून खाली पाडण्याची एक रीत आहे; आरशासारख्या नाण्यांना ती फार शोभते, मात्र तीत ओरखडे हरवू शकतात. दस्तऐवज छापण्याच्या स्कॅनरवर नाणे ठेवून काढलेले चित्र अगदी रेखीव आणि अगदी मृत असते. पाणी म्हणून काही उरतच नाही, आणि उत्तम नाणे मध्यम दिसते. दिवा चुकून खालच्या बाजूने आला तर आणखी गंमत. आपल्या मेंदूची अशी समजूत असते की उजेड वरूनच यावा. त्यामुळे उठावाचा चेहरा खोलगट दिसतो, जणू राणीचा ठसा आत दाबला गेला आहे. म्हणून नाण्यांच्या चित्रात दिवा वरून, बहुधा डाव्या कोपऱ्यातून असावा, असा दंडकच पडला आहे.

जुन्या विद्वानांनी या साऱ्या कटकटीतून एक साधा मार्ग काढला होता. संग्रहालयांच्या सूचींसाठी ते नाण्याचे चित्र काढतच नसत. नाण्याचा प्लॅस्टरमध्ये ठसा घेत आणि त्या पांढऱ्या, निस्तेज प्रतिकृतीचे छायाचित्र छापत. रंग गेला, चमक गेली, डाग गेले. राहिला फक्त आकार. अभ्यासकाला तेवढेच हवे होते. ज्याला नाणे विकत घ्यायचे आहे, त्याला मात्र जे गेले तेच हवे असते.

हे सगळे ज्ञान एखाद्या घराच्या उपयोगी पडेल अशी वेळ मागच्या वर्षी आली. आमच्या शाळेत इतिहास शिकवणारे सर काही वर्षांपूर्वी वारले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली नाणी पत्र्याच्या एका डब्यात होती. प्रत्येक नाणे बटरपेपरच्या लहान पाकिटात, वर पेन्सिलीने साल आणि कुठून मिळाले ते. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती आणि डबा विकायचा होता. पुण्यातले एक जाणकार गृहस्थ घ्यायला तयार होते, परंतु आधी फोटो पाठवा म्हणाले. काकूंच्या पुतण्याने मोबाइलवर फोटो काढून पाठवले होते. त्यावरून जी किंमत आली ती ऐकून काकू डबा घेऊन माझ्याकडे आल्या. “तुझ्या सरांनी यांच्यापायी कधी सुट्टीत घर पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या, “आणि हा माणूस म्हणतो नुसत्या चांदीच्या भावात घेतो. तू नीट बघ बरं एकदा.”

मी मोबाइलवरचे फोटो पाहिले. ओट्यावर, ट्यूबलाइटखाली, वरून काढलेले. मोबाइल हल्ली स्वतःच शहाणपणा करतो. सावल्या उजळतो, बारीक पोत गुळगुळीत करतो. त्या चित्रांत १९१८ चा पंचम जॉर्जचा एक रुपया काळपट, जवळजवळ लोखंडाच्या चकतीसारखा दिसत होता. मी तो पाकिटातून काढला आणि दिव्याखाली कलता केला. काळपटपणाच्या आतून उजेडाचा पट्टा सरसर फिरला. चांदीवर गंधकामुळे जो पातळ थर चढतो त्याने तो झाकोळला होता. कागदात आणि लाकडी कपाटात वर्षानुवर्षे राहिलेल्या चांदीला असा रंग येतोच. कडेजवळ तो निळा होता, आत जांभळा, मध्यात फिकट मधासारखा. हत्तीची सोंड, साखळीचे दुवे, सगळे जागच्या जागी होते, आणि उंचवट्यांवरही पाणी अखंड होते. या रुपयाने बाजार पाहिला नव्हता. महायुद्धामुळे त्या वर्षी रुपयांची मागणी इतकी वाढली होती की अमेरिकेने पिटमन कायदा करून कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांची चांदी हिंदुस्थानसाठी विकली. त्या काळचे रुपये अमाप निघाले आणि अमाप फिरले. न फिरलेला म्हणूनच निराळा.

दुसरा रुपया याच्या उलट होता. १८६२ सालचा, राणीछाप. पुतण्याच्या फोटोत तोच डब्यातला राजा वाटत होता, पांढराशुभ्र, झगझगीत. पुण्याच्या गृहस्थांनीही फक्त त्याचीच विशेष चौकशी केली होती. १८६२ हे साल मोठे फसवे आहे. १८७३ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही तेच साल राहिले, आणि मुंबई टाकसाळीच्या रुपयांवर खरे वर्ष सालाखालच्या ठिपक्यांवरून ओळखतात. त्यामुळे त्या जागेचे चित्र फार जपून काढावे लागते, नाहीतर धुळीचा कणही ठिपका होऊन बसतो. ठिपके मी नीट मोजले, मग दिवा थोडा खाली आणला. राणीच्या गालावर आणि मागच्या मोकळ्या जागेत शेकडो बारीक समांतर रेघा उमटल्या, केसाएवढ्या, सगळ्या एकाच दिशेने जाणाऱ्या. पाण्याचा पट्टा फिरेना. झळाळी होती, पण ती घासलेल्या तांब्याभांड्याची होती. असे घासलेले नाणे पेटीबंद करणाऱ्या संस्थांकडे गेले तर त्याला अंक मिळत नाही, केवळ ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो. हे नाणे तिकडे जाणारही नव्हते. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे याचा निवाडा पुण्याच्या गृहस्थांच्या डोळ्यांनी आणि माझ्या चित्रावरूनच होणार.

मी दोन्ही नाण्यांची प्रत्येकी तीन चित्रे घेतली. एक समोरच्या उजेडात, एक कलत्या, एक आडव्या. पुतण्या संगणकाच्या पडद्यावर पाहत होता. राणीछाप रुपयाच्या पहिल्या चित्राकडे बोट करून तो म्हणाला, “काका, हा एकच पाठवा ना. यात काय सुंदर दिसतोय. बाकीच्या रेघा कशाला दाखवायच्या?” प्रश्न सरळ होता आणि त्याच्या पाठीमागे काकूंचे गुडघे होते. मऊ उजेडातले ते चित्र खोटे नव्हते. लग्नाच्या फोटोत मी रोज तेच करतो.

मी त्याला म्हणालो, त्या काळ्या रुपयाचे चित्र आधी बघ. कलत्या उजेडात तो पेटल्यासारखा दिसत होता. पहिल्या फोटोत लोखंड वाटलेला रुपया असा कसा दिसू लागला, हा संशय पुण्याच्या माणसाला येणारच. फोटोवाल्याने रंग भरले, असे तो म्हणेल. त्या चित्रावर त्याने विश्वास ठेवायचा तर कशाच्या जोरावर? राणीच्या गालावरच्या रेघा मी आपणहून दाखवल्या, तर हत्तीवरचे पाणीही खरे आहे असे तो मानेल. शिवाय नाणे त्याच्या हातात पडणारच आहे आणि त्याच्या टेबलावरही दिवा असेल. पुतण्याने खांदे उडवले. काकूंनी मात्र मान हलवली. “सगळे पाठव,” त्या म्हणाल्या. सहाही चित्रे गेली, खाली दिवा कुठे होता ते लिहून.

दोन दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांनी काळ्या रुपयाविषयी बरेच विचारले आणि नाणे दिव्याखाली फिरवतानाची चित्रफीत मागितली. पुढच्या रविवारी ते स्वतःच साताऱ्यास आले. खिडकी लावून घ्यायला सांगून ते माझ्या टेबलदिव्याखाली बसले. एकेक नाणे चिमटीत धरून सावकाश फिरवीत होते. खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. काळ्या रुपयापाशी त्यांचा हात थांबला, आणि पुन्हा एकदा फिरवून त्यांनी तो बाजूला ठेवला. त्याची आणि शिवरायांच्या एका जुडग्याची जी रक्कम त्यांनी सांगितली, ती पहिल्या देकाराशी ताडून पाहण्यासारखी नव्हती. एका गुडघ्याचा खर्च त्यातून सुटणार होता.

राणीछाप रुपया त्यांनी आडवा धरला आणि भिंग काकूंच्या हाती दिले. “बघा आई, कोणीतरी फार घासलाय. नाहीतर आज हाच सर्वांत वर गेला असता.” काकूंनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “कोणीतरी नाही हो. मीच. लग्न झाल्यापासून दर लक्ष्मीपूजनाला रांगोळीने घासून ताटात ठेवते. हे मला कधी बोलले नाहीत.” सरांना रेघा दिसल्या नसतील हे शक्यच नव्हते. त्यांनी ते पाकीट पुन्हा पाहिले. वर सालाखाली पेन्सिलीने ‘पूजेचा’ एवढेच लिहिलेले होते.

तो रुपया काकूंनी विकला नाही. निघताना त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला. मी व्यावसायिक सवयीने म्हणालो, “काकू, निदान यापुढे तरी घासू नका. नुसता पाण्याने धुऊन कापसाने टिपा.”

“आता का?” त्या म्हणाल्या. “आता तो कोणाला दाखवायचा आहे?” आणि पुतण्याचा हात धरून जिन्याच्या पायऱ्या एकेक करून उतरू लागल्या.